पेणच्या कारखान्यातला तुटणारा फोल्डर

आता मी रोह्याच्या दुकानात बसल्या बसल्या पेण, पाली, माणगावचे कंप्युटर उघडते. बिघाड शोधते, दुरुस्त करते आणि गिऱ्हाइकाचा चहा संपायच्या आत "झालं" म्हणून मेसेज टाकते. गिऱ्हाईक खूश होतं. मीही खूश असायला हवी, पण खरं सांगायचं तर मला या कामात पूर्वीची मजा येत नाही. ज्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायले नाही, त्याच्या घरातला बिघाड काढायचा, हे मला अजून विचित्रच वाटतं.

पूर्वी फोन आला की पिशवी उचलायची आणि निघायचं. पिशवीत केबलचं वेटोळं, पक्कड, टेस्टर, जुना लॅपटॉप आणि डबा. सकाळची गाडी निडी, नागोठणे, कासू करत पेणला पोचायची. रस्त्याने गेलं तर हायवेचं काम आडवं यायचं, ते तर आमच्या पिढीला आंदणच मिळालेलं आहे, म्हणून मी गाडीच धरायची. कासू सोडलं की एका अंगाला भाताची खाचरं आणि लांबवर खाडीकडची खारजमीन दिसायची. ते बघताना आज कोणाकडे काय बिघडलं असेल याचा विचार करायला मला फार आवडायचं. बिघाडाचा विचार आवडणारी बाई म्हणून माझी आई मला नावं ठेवायची.

त्या दिवसांतलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते पेणच्या एका कारखान्यातलं काम. पेणमध्ये कारखाना म्हटला की तो गणपतीचाच. डोलवीला आहे ती कंपनी. या घरातला मुलगा कंपनीत शिफ्टला जायचा आणि कारखाना सांभाळायचे त्याचे वडील. त्यांना सगळे आबा म्हणायचे, मीही म्हणू लागले. आबा उंच, सडपातळ, बोलायला कंजूष. मूर्तीचं बाकी रंगकाम कोणीही करो, डोळ्यांची आखणी मात्र तेच करायचे. आखणी म्हणजे रंगवलेल्या मूर्तीचे डोळे रेखणं. तोवर ती माती असते आणि आखणी झाली की गणपती होतो, असं पेणमध्ये मानतात.

मला फोन करायची ती त्यांची सून. मी तिला वहिनी म्हणायची, ती मला ताई. कासूकडच्या शेतकऱ्याची मुलगी, शिकलेली, हिशेबाला पक्की. सासूबाई गेल्या आणि त्याच वर्षी जुने मुनीमजी मुलाकडे पनवेलला राहायला गेले, तेव्हा हिने धीर करून सासऱ्यांना म्हटलं, ऑर्डरींचं मी बघते. पेढीवर कंप्युटर आणला. माणसं दरवर्षी अगदी गेल्या वर्षीसारखाच गणपती मागतात. तसंच पितांबर, तसाच शेला, सोंडेचं वळणसुद्धा तेच. हिने सगळ्यांकडून फोटो मागवले, घराघराप्रमाणे लावले आणि एका फोल्डरमध्ये ठेवले. मागच्या शेडमध्ये रंगाऱ्यांसाठी दुसरा कंप्युटर आणि चिठ्ठ्या छापायचा प्रिंटर बसवला. कपाट पेढीवर, पण त्याचं दार शेडमध्येही उघडतं, अशी ती सोय होती. आम्ही त्याला शेअर फोल्डर म्हणतो.

आणि हे दार सारखं बंद व्हायचं. शेडमधल्या पडद्यावर फोल्डरच्या चित्रावर लाल फुली यायची, उघडलेली ऑर्डर गोठून बसायची, प्रिंटर मुका व्हायचा. कंप्युटर बंद करून चालू केला की पुन्हा सगळं सुरळीत. पण तेवढ्यात रंगाऱ्यांनी आठवणीवर काम रेटलेलं असायचं. कोणाच्या पिवळ्या पितांबराचा केशरी झाला, कोणाचा शेला चुकला. आबा काही बोलायचे नाहीत, नुसते त्या कंप्युटरकडे बघायचे. त्याला ते डबा म्हणायचे. शेवटी एके दिवशी बोलले. श्रावण लागेपर्यंत बघतो, नाही जमलं तर मुनीमजींना परत बोलावतो.

याचा अर्थ वहिनींना कळला होता आणि त्यांनी तो मलाही स्पष्ट सांगितला. मुनीमजी आले की ही खुर्ची गेली. खुर्ची गेली की सकाळपासून रात्रीपर्यंत स्वयंपाकघर, आणि पुन्हा कधी काही मागायची सोय उरणार नाही. "ताई, हे एवढंच माझं हाय या घरात," त्या म्हणाल्या होत्या. त्या दिवशी गाडीत परतताना मला त्यांच्यापेक्षा स्वतःचाच जास्त राग आला होता. कारण मी तोवर तीन-चारदा तिथे जाऊन आले होते आणि माझ्या हाती धुपाटणंसुद्धा लागलं नव्हतं.

मी काय काय केलं नव्हतं! केबलची दोन्ही टोकं कापून नवी बसवली. अंगणातून जाणारी अख्खी वायर बदलली, कारण उंदरांवर माझा आधीपासून राग होता. रिकाम्या बसलेल्या कंप्युटरचं नेटवर्क कार्ड वीज वाचवायला झोपी जातं, ती झोप बंद केली. दोन्ही कंप्युटरना कायमचे पत्ते दिले. थोडा वेळ कोणी हात लावला नाही तर फोल्डरचा संबंध तोडायची एक खोड पेढीवरच्या कंप्युटरला होती, तीही काढली. राउटर बदलला. लाइट जाते का विचारलं, तर इन्व्हर्टर आहे म्हणाले. कोणी काही बंद करतं का विचारलं, तर रंगारी एकमेकांकडे बघून म्हणाले, नाय बा, आम्ही कशाला बंद करू.

आणि मी तिथे असताना ते कधीच तुटायचं नाही. मी बसून राहायची, फोटो उघडायची, मिटायची, मुद्दाम मोठमोठ्या फायली इकडून तिकडे पाठवायची. फोल्डर शहाण्या मुलासारखा वागायचा. मी पेण स्टेशनला पोचते न पोचते तोच वहिनींचा फोन. ताई, तुटलं. डॉक्टरच्या दारात ताप उतरतो तसलाच हा प्रकार. रंगारी माझी थट्टा करायचे, की ताई, तुम्ही आता इथेच राहा, डबा तुम्हाला घाबरतो.

त्या खेपा मला आज का एवढ्या गोड वाटतात कोण जाणे. तेव्हा तर डोक्याला ताप होता. पण शेडचा तो वास अजून नाकात आहे. ओली शाडू, डिंक, रंग, आणि त्यातच बाजूच्या घरातून येणारा तळलेल्या पापडांचा वास. फळ्यांवर ओळीने बसलेले शेकडो गणपती, सगळे बिनडोळ्यांचे. मी केबल तपासत त्यांच्यामधून वाकून फिरायची आणि चुकून धक्का लागेल म्हणून जीव मुठीत धरायची. दुपारी वहिनी वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी द्यायच्या. मी डबा आणलाय म्हटलं तर तो डबा उघडून त्या माझी भाजी स्वतःच्या ताटात घ्यायच्या आणि त्यांचं ताट माझ्यापुढे सरकवायच्या.

आणि आबा? मी काम करत असले की आबा दारापाशी लाकडी स्टुलावर बसून असायचे. हात मांडीवर, नजर माझ्यावर. मधूनच विचारायचे, रोह्यात पाऊस कसा हाय, कुंडलिकेला पाणी किती. मी एका शब्दात उत्तर देऊन कामाला लागायची. मनात म्हणायची, हा म्हातारा सीझनच्या तोंडावर रिकामा बसतो आणि सुनेच्या कामावर मात्र पाळत ठेवतो. एकदा मी वहिनींना तसं बोललेही. त्या घाईघाईने म्हणाल्या, तसे नाहीत हो ते. पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता.

आषाढ संपत आला होता, तेव्हाची ही शेवटची खेप. मी ठरवूनच गेले होते, की आज छडा लावल्याशिवाय हलायचं नाही, मग संध्याकाळची गाडी चुकली तरी चालेल. सकाळपासून शेडमध्ये लॅपटॉप मांडून बसले. नेटवर्कची वायर शेडमध्ये आल्यावर एका छोट्या डबीत शिरते आणि तिथून कंप्युटरला, प्रिंटरला फाटे फुटतात. माझा लॅपटॉपही मी त्याच डबीला जोडला होता. मातीची धूळ लागू नये म्हणून ही डबी इलेक्ट्रिशियनने वर तुळईवर, पंख्यांच्या जवळ ठोकली होती. खालून तिचे हिरवे दिवे लुकलुकताना दिसायचे आणि मला समाधान वाटायचं, की हिचं तरी काही बिघडलेलं नाही.

दुपार झाली, जेवणं झाली. माल न्यायला संध्याकाळी टेम्पो येणार होता. फळीवरचे बरेच गणपती अजून बिनडोळ्यांचेच होते आणि आबा स्टुलावरच बसलेले. रंगारी चुळबुळत होते. एकजण एकदा माझ्याकडे आणि एकदा आबांकडे बघत होता. अखेर आबा उठले, हातपाय धुऊन आले, आणि त्याबरोबर सगळी माणसं हातातलं टाकून अंगणात गेली. वहिनी पेढीवरून चिठ्ठ्या घेऊन आल्या होत्या, त्यासुद्धा दारातूनच मागे फिरल्या. मला काही कळेना. मीही लॅपटॉप तसाच ठेवून उठायला लागले.

"बस गो," आबा म्हणाले. "परक्यासमोर डोळे उघडत नाय आमच्यात. पण तू काय आता परकी नाय."

मी परत बसले. एका क्षणात मला सगळ्या खेपा आठवल्या. हे आबा रिकामे बसलेले नव्हते, मी जायची वाट बघत बसलेले होते. परक्या बाईसमोर आखणी करायची नाही आणि काम करणाऱ्या बाईला उठही म्हणायचं नाही, या सभ्यतेपायी अख्खा कारखाना माझ्यासाठी खोळंबत होता. आणि मी मनातल्या मनात त्यांना नावं ठेवत होते. माझा चेहरा नक्कीच बघण्यासारखा झाला असणार.

आबांनी खिडकीपाशी उजेडात मूर्ती घेतली. मग दाराजवळच्या बोर्डाकडे गेले आणि मोठा खटका खाली ओढला. पंखे मंद होत होत थांबले. वाऱ्याने कुंचल्याचं टोक सुकतं, धूळ ओल्या काळ्या रंगावर बसते, आणि पंख्याच्या घरघरीत त्यांचा हात स्थिरावत नाही, म्हणून आखणीला पंखे बंद. त्यांच्या वडिलांच्या वेळी पंखे नव्हते तेव्हा माणसं बाहेर जायची, आता माणसंही जातात आणि पंखेही थांबतात.

माझ्या लॅपटॉपवर लाल फुली आली.

मी वर बघितलं. तुळईवरच्या डबीचे हिरवे दिवे विझले होते. तिचा प्लग पंख्यांच्याच बोर्डात होता. शेडमधला कंप्युटर वेगळ्या लाइनवर, तो ठणठणीत चालू, म्हणून कोणाला कधी वाटलंच नाही की काही बंद झालंय. आग रामेश्वरी आणि मी बंब घेऊन सोमेश्वरी फिरत होते. आणि रंगारी खोटं बोलले नव्हते. आखणीला पंखे थांबणं हे त्यांच्या लेखी काही बंद करणं नव्हतंच, ती आखणी होती. देवळात जाताना चपला काढल्या, त्याला कोणी चपला हरवल्या म्हणतं का?

मला ओरडावंसं वाटत होतं, पण आबांनी कुंचला उचलला होता. इतक्या महिन्यांचं उत्तर तोंडात धरून मी श्वाससुद्धा जपून घेत बसले. त्यांनी वरची पापणी एका ओढीत आखली. मग दुसरी. मग बुबुळं, आणि शेवटी त्यांत पांढरा ठिपका. तो ठिपका पडला आणि गणपतीने माझ्याकडे बघितलं. मी काही फार देवभोळी नाही, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लाल फुली, डबी, प्लग, सगळं तेवढ्यापुरतं विसरले.

आखणी थांबवून आबा चहाला गेले तशी मी अंगणात वहिनींना गाठलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या आनंदाने मला मिठी मारतील. त्यांचा चेहरा पडला. "आबांना नका सांगू ताई," त्या म्हणाल्या. "आखणीपायी डबा बंद पडतो म्हटलं, तर ते डबाच काढतील. आणि बरोबरच हाय ना त्यांचं."

मी म्हटलं, अहो, एक प्लग इकडचा तिकडे करायचा आहे, यात सांगण्यासारखं काय आहे? पण तुळईवर चढून वायर ओढायची तर आबांना दिसणारच. ते दिसलंच. मी शिडीवर, तोंडात खिळे, आणि खाली आबा येऊन उभे राहिले. काय झालं होतं, त्यांनी विचारलं. मला लपवाछपवी कधी जमलेली नाही. मी खिळे काढले आणि सांगून टाकलं, की तुम्ही पंखे बंद करता तेव्हा ही डबी मरते, म्हणून आता हिला कंप्युटरच्या लाइनवर घेते.

त्यांनी वर डबीकडे बघितलं. "म्हंजे मीच बंद करायचो व्हय," असं म्हणून जरासे हसले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. एवढ्या दिवसांत सुनेच्या हे ध्यानात कसं आलं नाही, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कसं येणार आबा, आखणीच्या वेळी त्या शेडमध्ये असतात कुठे?

"रंगारी जातात, ती घरची हाय. तिला कोणी जा म्हटलं?"

मी वहिनींना हाक मारली. त्या दारात आल्या, पदर सावरत, आता काय होणार म्हणून घाबरलेल्या. आबांनी तोच प्रश्न त्यांना विचारला. त्या खाली मान घालून म्हणाल्या, की लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई आखणीच्या वेळी उठून आत जायच्या, म्हणून मीही गेले. मला वाटलं, दुसऱ्या घरून आलेल्या बाईने थांबायचं नसतं.

आबा म्हणाले, "तिच्या चुलीवर भात असायचा, म्हणून जायची ती. मला वाटायचं, तुला ह्यात गोडी नाय."

शिडीवरून मला दोघांचे चेहरे दिसत होते आणि मला कुठे बघावं कळेना. इतकी वर्षं ही बाई स्वतःला परकी समजून दर आखणीला अंगणात उभी राहत होती, आणि सासऱ्याला वाटत होतं, सुनेला आपल्या कामाची किंमत नाही. एवढं घर, एवढी चांगली माणसं, आणि विचारायचं कोणीच नाही. मला दोघांचाही राग आला आणि दोघांचीही दया आली.

मी प्लग लावून खाली उतरले. डबी पुन्हा लुकलुकायला लागली. म्हटलं, आता पंखे बंद करून बघू, वहिनी तुम्ही कंप्युटरपाशी उभ्या राहा आणि फुली येते का सांगा. रंगारी अंगणातच थांबले. आबांनी पुढची मूर्ती घेतली आणि खटका ओढला. पंखे थांबले. वर दिवे तसेच चालू राहिले. मी हळूच विचारलं, आली का फुली? वहिनी पडद्याकडे बघतच नव्हत्या. आबांचा हात पापणीवरून सरकत होता आणि त्या तोंडावर पदर धरून उभ्या होत्या.

पांढरा ठिपका पडला. आबांनी कुंचला पाण्यात बुडवला, मूर्ती जराशी सुनेकडे वळवली आणि विचारलं, हा कोणाकडचा. वहिनींनी पडद्याकडे न बघता त्या घराचं गाव सांगितलं, पितांबराचा रंग सांगितला, शेला सांगितला.

"ह्याच्या डोळ्यांचा फोटो काढ," आबा म्हणाले. "तुझ्या त्या फोल्डरात घाल. पुढच्या वर्षी असेच डोळे मागतील ते, तेव्हा तू दाखव मला."